फिरोजाबादचा राजपुत्र : बहमनी सत्तासंघर्ष आणि पराभूतांना मिळालेले जीवदान

इ.स. १३४७ मध्ये दौलताबादेस स्थापन झालेल्या बहमनी राज्याची राजधानी लवकरच गुलबर्ग्यास आली, पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ती बीदरला हलली, आणि १५३८ मध्ये शेवटचा सुलतान अहमदनगरला दुसऱ्याच्या आश्रयाने राहत असताना मरण पावेपर्यंत या घराण्याचे नाव दख्खनच्या राजकारणात टिकून राहिले. आळंद, कडगंची, गुलबर्गा, सगर, फिरोजाबाद, कल्याणी, उदगीर आणि बीदर ही आज कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमाभागात विखुरलेली स्थळे त्या काळी एकाच सत्तेच्या गाभ्यात होती आणि गादीसाठी झालेले बहुतेक संघर्ष याच टापूत लढले गेले. या घराण्याचा इतिहास रक्तरंजित म्हणून ओळखला जातो आणि ती ओळख खोटी नाही; परंतु हाच इतिहास बारकाईने वाचला तर पदच्युत झालेले, बंड करून हरलेले किंवा केवळ जन्माने धोकादायक ठरलेले अनेक राजपुत्र मारले न जाता जिवंत ठेवले गेल्याचे दिसते. प्रतिस्पर्ध्याचा शिरच्छेद करण्याची शक्ती हाती असताना विजेत्याने तो का टाळला आणि असे जीवदान कितपत टिकत असे, हे पाहिले म्हणजे त्या काळची सत्ता नेमकी कोणाच्या आधारावर उभी होती हे कळू लागते.

या प्रश्नाची पाळेमुळे दख्खनच्या बाहेर, इस्लामच्या आरंभीच्या शतकांत आहेत. खिलाफतीचा वारस कोणी व्हावे याचा ज्येष्ठ पुत्राच्या हक्कासारखा निर्विवाद नियम तेथे नव्हता. नेमणूक, प्रमुखांची संमती आणि बैअत, म्हणजे निष्ठेची जाहीर शपथ, यांच्या मेळातून राज्यकर्ता ठरत असे, आणि त्यामुळे घराण्यातला प्रत्येक कर्ता पुरुष संभाव्य दावेदार राही. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर पैगंबरांनी बहुतेक विरोधकांना अभय दिले आणि कुरैशांचा नेता अबू सुफियान याला अपमानित न करता आपल्या बाजूस घेतले. ६६१ मध्ये हसन इब्न अली यांनी खिलाफतीवरचा दावा सोडला तेव्हा मुआवियाने तडजोडीने त्यांना मदिनेस जाऊ दिले. याच्या उलट टोकाला ७५० मधील अब्बासी क्रांती आहे. तीत उमय्या घराण्याची कत्तल करण्यात आली, पण तीतून निसटलेल्या अब्दुर्रहमान या एकाच राजपुत्राने ७५६ मध्ये स्पेनमधील कॉर्डोव्हा येथे स्वतंत्र राज्य उभे केले. समूळ उच्छेद हा मार्ग केवळ क्रूर होता असे नव्हे, तर तो पूर्णत्वास नेणे जवळजवळ अशक्य होते आणि निसटलेल्या माणसाला तडजोडीचे कोणतेही कारण उरत नसे, हा धडा पुढच्या राज्यकर्त्यांपुढे होता. खलीफा अल्-मामूनचा चुलता इब्राहीम इब्न अल्-महदी याला ८१७ मध्ये बगदादकरांनी प्रतिखलीफा म्हणून गादीवर बसवले होते. काही वर्षे लपून राहिल्यावर तो पकडला गेला तेव्हा मामूनने त्याला क्षमा केली. इब्राहीमला मारणे म्हणजे त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बगदादच्या सगळ्या प्रतिष्ठितांना आपलीही पाळी येणार असे कळवणे होते, तर त्याला दरबारात बसवणे म्हणजे त्या सर्वांना न बोलता अभयपत्र देणे होते.

ठार मारणे आणि मोकळे सोडणे या दोहोंच्या मधला एक मार्गही याच शतकांत रूढ झाला. राज्यकर्ता सर्व इंद्रियांनी आणि अवयवांनी अव्यंग असावा, अशी अट धर्मशास्त्रज्ञ मानत असत. अकराव्या शतकातील अल्-मावर्दी याने ती आपल्या राज्यशास्त्रविषयक ग्रंथात नमूद केली आहे. या अटीचा व्यवहारातला अर्थ असा होता की, ज्याची दृष्टी गेली त्याचा गादीवरचा हक्कही गेला. दहाव्या शतकात अल्-काहिर, अल्-मुत्तकी आणि अल्-मुस्तक्फी हे तीन अब्बासी खलीफा पदच्युत करून आंधळे करण्यात आले. त्यांपैकी शेवटचा बगदादवर नुकताच ताबा मिळवलेल्या बुवैही सरदारांच्या हातून दृष्टीला मुकला; परंतु त्याच सरदारांनी खिलाफतीचे पद मात्र नष्ट केले नाही, तर त्यावर दुसरा अब्बासी बसवून त्याच्या नावाने राज्य केले. बीदरच्या अखेरच्या काळाशी या गोष्टीचे साम्य पुढे स्पष्ट होईल.

बहमनी राज्याचा जन्मच अशा एका तडजोडीतून झाला. मुहम्मद तुघलकाच्या विरुद्ध उठलेल्या अमीरान-ए-सदा, म्हणजे शंभर गावांच्या वसुलीवर आणि बंदोबस्तावर नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, १३४६ मध्ये दौलताबादेस इस्माईल मुख या वयस्क अफगाण सरदाराला सुलतान म्हणून निवडले होते. पुढच्या वर्षी लढाईत खरी कामगिरी हसन जफरखानाने बजावली, सैन्याचा कल त्याच्याकडे झुकला, आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी तो अलाउद्दीन हसन बहमनशाह म्हणून गादीवर आला, तेव्हा इस्माईल आपण होऊन बाजूला झाला. नव्या सुलतानाने त्याला अमीर-उल्-उमरा, म्हणजे सरदारांचा सरदार, हा किताब दिला. पुढे कटाच्या आरोपावरून इस्माईलला देहदंड झाला, पण फिरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार त्याच्या मुलाला बापाच्याच जागी नेमण्यात आले. राज्य समान दर्जाच्या सरदारांच्या संमतीने उभे राहिले होते आणि त्यांच्यातल्या एका कुळाचा नाश केला असता बाकीच्यांनी तो स्वतःवरचा हल्ला मानला असता. म्हणून अपराधाची शिक्षा व्यक्तीला देऊन कुळाचा मान राखणे हा उपाय हसनने पत्करला.

पुढच्या पिढ्यांत संघर्ष घराण्याच्या आत आला. १३७८ मध्ये मुजाहिदशाहाचा खून करून त्याचा चुलता दाऊद गादीवर बसला आणि अवघ्या काही आठवड्यांत गुलबर्ग्याच्या मशिदीत नमाजाच्या वेळी तोही मारला गेला. या सूडामागे मुजाहिदची बहीण रूहपरवर आगा होती. दाऊदचा लहान मुलगा संजर याला गादीवर बसवावे असे काही सरदारांच्या मनात होते, पण तिने त्याचे डोळे काढवले आणि दुसऱ्या मुहम्मदाला सुलतान केले. भावाच्या मारेकऱ्याचा मुलगा हाती सापडला असूनही तिने त्याचा जीव घेतला नाही, कारण तिला वारस नको होता, एवढे साधल्यावर मुलाच्या मृत्यूने काही अधिक मिळणार नव्हते. गुलबर्ग्याच्या हफ्त गुंबज या शाही दफनभूमीत दाऊदबरोबर संजरचीही कबर आहे. दृष्टी आणि हक्क गमावलेला राजपुत्र घराण्याच्या प्रतिष्ठेला मुकला नव्हता, हे त्यावरून दिसते.

दुसऱ्या मुहम्मदाच्या एकोणीस वर्षांच्या शांत कारकिर्दीनंतर १३९७ हे वर्ष असे उगवले की त्या एका वर्षात चार सुलतान झाले आणि जीवदानाचे जवळजवळ सर्व प्रकार पाहायला मिळाले. मुहम्मदाचा तरुण मुलगा गियासुद्दीन याला तुघलचीन नावाच्या तुर्की गुलाम सरदाराने मेजवानीस बोलावून आंधळे केले, सगरच्या किल्ल्यात पाठवले आणि त्याचा सावत्र भाऊ शमसुद्दीन याला नामधारी सुलतान केले. हसन बहमनशाहाचे नातू फिरोज आणि अहमद हे मुहम्मदाचे जावई होते, त्यांच्या बायका गियासुद्दीनच्या बहिणी होत्या, आणि भावाच्या विटंबनेचा सूड घ्यावा म्हणून त्यांनीच नवऱ्यांना उभे केले. दोघे भाऊ सगरला गेले, तेथून गुलबर्ग्यावर चालून आले आणि हरले; मग त्यांनी क्षमा मागितली, तुघलचीनने कौल, म्हणजे जीविताचे लेखी अभय, देऊन त्यांना राजधानीत परत घेतले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी दरबारातच त्याला व शमसुद्दीनला कैद केले. १६ नोव्हेंबर १३९७ रोजी फिरोज सुलतान झाला. तुघलचीनचा हिशेब अगदीच मूर्खपणाचा होता असे म्हणता येत नाही, कारण मुहम्मदाच्या जावयांना मारले असते तर अंतःपुर आणि जुने सरदार दोघेही त्याच्यावर उलटले असते. पण ज्याला सोडले त्याच्याभोवती लोक जमू शकतात की नाही, हे त्याने तपासले नाही आणि त्यांना राजधानीपासून दूर न ठेवता थेट दरबारात जागा दिली.

फिरोजने सगरहून आंधळ्या गियासुद्दीनला बोलावून त्याच्या हाती तलवार दिली आणि बांधून उभ्या केलेल्या तुघलचीनचा वध त्याच्याकडून करवला, असे फिरिश्ता सांगतो. शमसुद्दीनला मात्र त्याने मारले नाही; त्याला आईबरोबर मक्केस जाऊ दिले आणि तेथे त्याच्या खर्चाची तजवीज केली. हजला पाठवणे हा मुसलमानी राजकारणातला जुना, सभ्य हद्दपारीचा मार्ग होता, कारण त्याने प्रतिस्पर्धी समुद्रापलीकडे जात असे आणि सुलतानाच्या पदरी पुण्य पडत असे. एकाच दरबारात गुलाम सरदाराला मृत्यू आणि त्याने बसवलेल्या राजपुत्राला यात्रा मिळाली यातला भेद रक्ताचा होता. राजवंशाचे रक्त सांडणे हे पुढच्या कोणालाही धडा देणारे उदाहरण ठरले असते, आणि उद्या आपल्या मुलांची हीच गत होऊ शकते हे फिरोजला कळत होते.

ती वेळ पंचवीस वर्षांनी आली. विजयनगरविरुद्धच्या पानगलच्या मोहिमेत पराभूत झालेला, थकलेला फिरोज आपला मुलगा हसनखान याला वारस करू पाहत होता. मुद्गलच्या सोनाराची मुलगी पर्थाल हिच्याशी ज्याचे लग्न झाल्याची कथा प्रसिद्ध आहे तोच हा हसनखान होय. पण त्याला आशीर्वाद देण्यास ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांनी नकार दिला. चिश्ती परंपरेचे हे थोर सूफी सुमारे १४०० मध्ये दिल्लीकडून गुलबर्ग्यास आले होते, आणि त्यांचा कल फिरोजचा धाकटा भाऊ अहमद याच्याकडे होता. हुशियार आणि बिदार या विश्वासू गुलाम मंत्र्यांनी अहमदला आंधळा करण्याचा सल्ला दिला, तो सुगावा लागताच अहमद राजधानीतून निसटला, खलफ हसन या बसरेच्या व्यापाऱ्याने त्याला साथ दिली, आणि चकमकींत शाही सैन्य मागे हटल्यावर आजारी फिरोजने सप्टेंबर १४२२ मध्ये स्वतःच भावाला बोलावून गादी दिली. काही दिवसांतच फिरोज वारला; त्याला मारले गेले असाही प्रवाद इतिहासकारांनी नोंदवला आहे.

अहमदशाहाची पुढची कृती या साऱ्या इतिहासात वेगळी उठून दिसते. हसनखानाला मारावे किंवा निदान आंधळे करावे, असा आग्रह दरबारात होता. अहमदने ते न करता भावाने भीमेच्या काठी वसवलेल्या फिरोजाबादचा राजवाडा त्याला राहण्यास दिला, भरपूर जहागीर लावून दिली, आणि राजवाड्यापासून काही कोसांच्या परिघात शिकार व विहार करण्याची मोकळीक दिली. राज्याच्या काळजीपेक्षा हे सुखच त्या विलासी राजपुत्राला अधिक मानवले, आणि चुलता जिवंत असेपर्यंत दोघांत वितुष्ट आले नाही, असे फिरिश्त्याने लिहिले आहे. ज्या हुशियार आणि बिदारने अहमदचे डोळे काढायला सांगितले होते, त्यांनाही धन्याशी इमानी राहिले म्हणून त्याने मोठ्या पदांवर चढवले, तर खलफ हसनला राज्याचा वकील, म्हणजे मुख्य कारभारी, केले. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. हसनखानाच्या पक्षाचे आधारस्तंभ नव्या सुलतानाच्या चाकरीत आले होते, म्हणून हसनखान एकटा पडला होता. आणि एकट्या पडलेल्या माणसाला फिरोजाबादेत सुखाने ठेवणे अहमदला सहज परवडत होते.

या औदार्यात संतांचा वाटा किती होता, हेही पाहावे लागते, कारण दख्खनमध्ये राजसत्तेला मान्यता देण्याचे आणि तिच्यापासून जीव वाचवण्याचे सामर्थ्य संतांकडे असल्याची भावना हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांत दृढ होती. गेसूदराज यांच्या आशीर्वादाने गादी मिळाली असे मानणाऱ्या सुलतानाला राज्याचा आरंभ पुतण्याच्या रक्ताने करणे शोभणारे नव्हते. याच मुलखातल्या कडगंचीचे सायंदेव आणि त्यांच्या वंशातील, गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांच्या परंपरेतही हाच विचार दुसऱ्या बाजूने दिसतो. क्रूर यवन अधिकाऱ्याने जीव घेण्यासाठी बोलावलेले सायंदेव श्रीनृसिंहसरस्वतींच्या अभयामुळे वस्त्रे आणि मान घेऊन परत येतात, ही त्यातली कथा अधिकाऱ्याच्या लहरीवर टांगलेले आयुष्य आणि त्यावरचा एकमेव उपाय म्हणून गुरुकृपा या दोन्ही गोष्टी सांगते. गाणगापूरला दर्शनास येणारा बीदरचा यवन राजाही त्याच ग्रंथात आहे आणि काही अभ्यासक तो अहमदशाहाचा मुलगा दुसरा अलाउद्दीन असावा असे मानतात. स्वतः अहमदशाह तर वली, म्हणजे संत, म्हणून स्मरणात राहिला. बीदरजवळच्या अष्टूर येथील त्याच्या दर्ग्याच्या उत्सवाला आळंद तालुक्यातील माडियाळचे जंगम मिरवणुकीने येतात आणि लिंगायत भाविक त्याच्यात अल्लमप्रभूंना पाहतात.

परंतु हसनखानाला मिळालेले अभय सुलतानाच्या व्यक्तीशी बांधलेले होते, राज्याच्या कोणत्याही कायद्याशी नव्हे. १४३६ मध्ये अहमदशाह वारला, दुसरा अलाउद्दीन गादीवर आला आणि फिरोजाबादच्या त्या राजवाड्यातच हसनखानाचे डोळे काढून त्याला कोंडून ठेवण्यात आले. त्याने बंड केल्याचा उल्लेख नाही; बदलली होती ती परिस्थिती. नव्या सुलतानाचा धाकटा भाऊ मुहम्मदखान विजयनगरवरच्या स्वारीत असताना अर्ध्या राज्याची मागणी करून उलटला, काही वृद्ध सरदार त्या गोंधळात मारले गेले, आणि लढाईत हरल्यावर मुहम्मदखानाला क्षमा करून रायचूरची जहागीर देण्यात आली, जिथे तो पुढे निवांत राहिला. उघड बंड केलेल्या भावाला जहागीर आणि निरुपद्रवी चुलतभावाला अंधत्व, ही विसंगती वरवरची आहे. सख्खा भाऊ सीमेवरच्या प्रांतात सैन्य राखून राज्याच्या उपयोगी पडू शकत होता, उलट हसनखान घराण्याच्या दुसऱ्या शाखेचा, म्हणजे फिरोजचा, वारस होता, आणि कोणत्याही असंतुष्ट सरदाराला त्याचे नाव वापरता आले असते.

असे नाव वापरणारे लोक आता मुबलक झाले होते. दरबारात दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले मुसलमान आणि त्यांचे हबशी साथीदार, आणि आफाकी, म्हणजे इराण, इराक व मध्य आशियातून नव्याने आलेले परदेशी, असे दोन तट पडले होते, आणि प्रत्येक तटाला आपल्या हिताचा सुलतान हवा होता. १४५८ मध्ये अलाउद्दीनच्या मृत्यूनंतर काही सरदारांनी ज्येष्ठ पुत्र हुमायूनऐवजी त्याचा धाकटा भाऊ हसनखान (फिरोजचा मुलगा तो हा नव्हे) याला गादीवर बसवले. हुमायूनने ते उधळून लावले आणि भावाला आंधळे करून कैदेत टाकले. पण या वेळी अंधत्वानेही काम भागले नाही. हुमायून तेलंगणात गुंतला असताना यूसुफ तुर्क या सरदाराने बीदरचा तुरुंग फोडून हसनखानाला सोडवले, त्याने बीड गाठून तेथे सैन्य जमवले, आणि पराभवानंतर विजयनगरकडे जात असता तो विजापुरात पकडला गेला. १४६० मध्ये हुमायूनने त्याला बीदरमध्ये वाघापुढे टाकले आणि त्याच्या साथीदारांवर जे सूड उगवले त्यांमुळे जालीम हे विशेषण त्याच्या नावाला कायमचे चिकटले. शास्त्राने अपात्र ठरवलेला आंधळा राजपुत्रही जर एखाद्या गटाला निशाण म्हणून चालत असेल, तर प्रतिस्पर्ध्याचा धोका त्याच्या डोळ्यांत नसून त्याच्या पाठीशी असलेल्या माणसांत असतो, हे हुमायूनला उशिरा कळले; आणि त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष सर्वांत महाग पडणारा होता, कारण त्याच्या जुलमाने कोणत्याही सरदाराला निष्ठेची खात्री वाटेनाशी झाली.

त्याच सुमारास तुर्कस्तानात याच प्रश्नाला उलट उत्तर मिळाले होते. उस्मानी सुलतान दुसरा मेहमेद याने १४५१ मध्ये गादीवर येताच आपल्या तान्ह्या सावत्र भावाला मारवले आणि राज्याच्या सुव्यवस्थेसाठी भावांचा वध करण्यास मुभा देणारा नियम त्याच्या कायद्यांत नोंदवला गेला. उस्मानी सत्तेला हे जमले, कारण तिचे सैन्य आणि कारभार सुलतानाच्या स्वतःच्या गुलामांनी चालवला होता आणि सरदार घराण्यांच्या संमतीवर ती अवलंबून नव्हती. बहमनी सुलतान सरदार, सूफी, व्यापारी आणि अंतःपुर यांच्या तोलावर बसलेला असे, आणि हा तोल राखायचा तर पराभूताला थोडी जागा ठेवावी लागे. मराठी इतिहासातही १६८० मध्ये संभाजी महाराजांनी राजारामाला रायगडावर नजरकैदेत पण सुरक्षित ठेवले आणि १६८९ मध्ये स्वराज्याला तोच छत्रपती लाभला, हे ध्यानात घेतले तर अशा संयमाचा घराण्याला होणारा लाभ लक्षात येतो.

१४८१ मध्ये मुख्य वजीर महमूद गावान याला देहदंड झाल्यावर बहमनी सत्ता खिळखिळी झाली, प्रांताधिपती स्वतंत्रपणे वागू लागले, आणि बीदरमध्ये कासिम बरीद व १५०४ नंतर त्याचा मुलगा अमीर बरीद यांनी सुलतानाला आपल्या ताब्यात ठेवले. १५१८ मध्ये महमूदशाह वारल्यावर अमीर बरीदने अहमद, अलाउद्दीन, वलीउल्ला आणि कलीमुल्ला असे चार सुलतान एकामागून एक गादीवर बसवले, आणि त्यांतल्या ज्यांनी सुटण्याची धडपड केली त्यांचा त्याने बंदोबस्त केला. अशा वेळी त्याने गादीच स्वतःकडे का घेतली नाही, हा प्रश्न बुवैहींच्या बगदादची आठवण करून देणारा आहे. विजापूर, अहमदनगर आणि वऱ्हाडचे सत्ताधीश दर्जाने त्याच्या बरोबरीचे होते, ते बरीदला धनी मानणे शक्य नव्हते, पण बहमनी नावापुढे झुकण्यास त्यांची हरकत नव्हती. म्हणून बरीदचे सगळे वजन कैदेतल्या राजाच्या नावात होते. एकेक सुलतान बदलता येत होता, पण घराणे संपवणे बरीदला परवडणारे नव्हते.

स्वतः बरीदवरही हीच पाळी आली. १५२९ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाने बीदरला वेढा घातला तेव्हा उदगीरजवळच्या छावणीत मद्यधुंद झोपलेला अमीर बरीद असदखान लारी या विजापुरी सरदाराच्या हाती लागला. त्याला मारण्याचे हुकूम झाले, हत्तीच्या पायाखाली देण्याची तयारी झाली, पण बीदरचा किल्ला सोडण्याच्या अटीवर त्याचा जीव वाचला, आणि पुढे कल्याणी व कंधारच्या बदल्यात बीदर त्याला परतही मिळाले. विजापूर व अहमदनगर यांच्या मध्ये एक दुबळा शेजारी असणे आदिलशाहाला सोयीचे होते. बीदर स्वतः गिळले असते तर बाकीचे सगळे त्याच्याविरुद्ध एक झाले असते.

कलीमुल्लाने १५२६ नंतर बाबराकडे मदतीसाठी गुप्तपणे मजकूर पाठवला, तो फुटला, आणि जीव वाचवण्यासाठी तो विजापुरास व तेथून अहमदनगरला पळाला. बुऱ्हाण निजामशाहाने आरंभी त्याला मान दिला आणि त्याच्यासमोर उभा राहू लागला, पण अशाने आपल्याच सत्तेला बाध येईल असे शाह ताहिर या मंत्र्याने सुचवल्यावर तो मान आटला. अहमदनगरला कलीमुल्ला सुखरूप राहिला, कारण त्याच्या नावाला आता कोणाचाही उपयोग उरला नव्हता. १५३८ मध्ये तो तेथेच वारला, आणि काही वर्षांनी अली बरीदने शाह ही पदवी उघडपणे घेतली तेव्हा बहमनींच्या वतीने एकही तलवार उपसली गेली नाही. फिरोजाबादच्या हसनखानाला चुलत्याच्या भरवशाने जे मिळाले आणि चुलतभावाच्या भीतीने जे गेले, तेच कलीमुल्लाला दुर्लक्षाने लाभले. या दोनशे वर्षांत पराभूताचे प्राण त्याच्या निरपराधीपणाने वाचले नाहीत वा केवळ विजेत्याच्या दयेनेही वाचले नाहीत. त्याच्या नावाभोवती लोक जमणार असतील तर ते लोक विजेत्याने आधीच आपलेसे केले आहेत की नाही, यावरच ते अवलंबून होते, आणि म्हणूनच जीवदानाचा इतिहास हा मुळात राजपुत्रांचा नसून त्यांच्या पाठीशी असलेल्या सरदार-संत-व्यापाऱ्यांचा इतिहास आहे.